सर्वेच्छेने

प्रिय काकपद,

पाकीट हातात पडल्याबरोबर तू ते उलटंसुलटं करून पाहिलं असशील. तिकीट सरळ चिकटवलंय, म्हणजे हे तुझ्या बाबाचं काम नव्हे. बरोबर. दादाला या पत्राची खबर नाही, वहिनीला तर मुळीच नाही. फोन केला असता, पण परदेशी शिकायला जाण्याआधीच्या तुमच्या त्या भाषावर्गाच्या वसतिगृहात फोन जमा करून घेतात आणि संध्याकाळी अर्धा तास परत देतात. त्या अर्ध्या तासात तुझे आईबाबा इकडे स्पीकर लावून बसलेले असतात, शेजारच्या काकूंसकट. काकू तर तू खोकलीस तरी मान डोलावतात. म्हणून पत्र. तेवीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढणाऱ्या बाईला तसंही बोलण्यापेक्षा लिहिणं बरं वाटतं. बोललेल्यावर लाल पेन चालत नाही.

आधी घरची हालहवाल. वहिनीनं तुझी बॅग आत्ताच भरायला घेतली आहे. विमानात वजनाची मर्यादा असते म्हणून ती रोज बॅग कवटाळून वजनकाट्यावर उभी राहते आणि मग बॅगेशिवाय उभी राहते. वजाबाकी करताना खोलीत कुणालाही येऊ देत नाही. बॅगेचं वजन आम्हा सगळ्यांना पाठ आहे, वहिनीचं अजून राज्यात कुणाला कळलेलं नाही. दादाचं त्याहून पुढचं. आपल्या चष्म्याच्या दुकानावरची खोली त्यानं तुझ्या दवाखान्यासाठी रिकामी करून घेतली, आणि परवा पेंटरकडून पाटीसुद्धा करून आणली. तुझं नाव, आधी ‘डॉ.’. अजून तुझा प्रवेश व्हायचाय, सहा वर्षं शिकायचंय, पण पाटी तयार. मला दाखवायला घेऊन आला होता. ‘डॉ’च्या पुढं टिंब हवं की नको, एवढंच विचारायचं होतं त्याला. हवं म्हटलं. तो इतका खूश झाला की मला पुढचं काही बोलवेना. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून चष्म्यांच्या खोक्यांमागं ठेवली आहे.

तुला माहीत आहे, मला पहिल्यापासून या सगळ्यात कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. माझा पहिला संशय अर्थातच त्या टायवाल्यावर. परदेशातल्या मेडिकल कॉलेजात मुलं पाठवणारा माणूस घरी आला, बिस्किटाला हात लावला नाही आणि तीनदा ‘आपली मुलगी’ म्हणाला. जो माणूस पहिल्या भेटीत दुसऱ्याच्या मुलीला आपली म्हणतो, त्याला कितीजणी असतील याचा हिशेब मी मनात सुरू केला. शेवटी राहवेना, तेव्हा त्याच्या ऑफिसात मीच जाऊन आले. तो घरी आला तेव्हा मी खिडकीपाशी पाठ करून बसले होते आणि तिथूनच बोलत होते, म्हणून त्यानं चेहरा ओळखायची भीती नव्हती. तुला हे पहिल्यांदाच सांगतेय. एका मुलाची आई बनून गेले होते. भिंतीवर सहा देशांची सहा घड्याळं, त्यांतली दोन बंद. आमच्या मुलाला अभ्यासात फारशी गती नाही, असं सांगितलं. चालेल म्हणाला. त्याला रक्त पाहून चक्कर येते, असं सांगितलं. तर म्हणाला, “मॅडम, काळजी सोडा, पहिली दोन वर्षं पुस्तकंच असतात.” मला इतका चेव आला की मी त्या नसलेल्या मुलाला झोपेत चालण्याची सवयही लावून दिली. त्यावर तो पठ्ठ्या म्हणाला, वसतिगृहाला उंच कुंपण आहे. बाहेर पडताना मला त्या पोराची खरंच काळजी वाटायला लागली होती.

मग मी माहितीपुस्तिका तपासायला घेतल्या. तीन कॉलेजं, तीन पुस्तिका, आणि तिन्हींत तोच एक चष्मेवाला विद्यार्थी, वेगवेगळ्या तीन नावांनी, त्याच हाडांच्या सांगाड्याच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. सांगाडाही तोच, डाव्या हाताचं एक बोट नसलेला. भिंग लावून खात्री केली. दादापुढं पुस्तिका आपटल्या. त्यानं फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “फ्रेम चांगली आहे.” चष्मेवाल्याच्या घरात पुरावा दाखवायचा म्हणजे असं होतं.

पण खोटं कशाला बोलू, तिथं माझा संशय तोंडावर आपटला. आमच्या बाइंडरची भाची तू निवडलेल्याच कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे. तूच निवडलंय असं सगळे म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. तिच्याशी मी तासभर बोलले. उलटतपासणीच घेतली म्हण. कॉलेज खरं आहे. प्राध्यापक वर्गावर येतात, रुग्णालय मोठं आहे, जेवण वाईट आहे पण कुणी मेलेलं नाही. फोटो टायवाल्याच्या छापखान्यानं कुठूनतरी उचलले, एवढंच. मला हायसं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. एखादं पान तीनदा वाचूनही चूक सापडत नाही तेव्हा येतो तसा. चूक आहे हे माहीत असतं, फक्त आपण चुकीच्या ओळीत शोधत असतो.

त्यात तुझे फॉर्म परत यायला लागले. पहिल्या फॉर्मवर जन्मतारीख एकतीस सप्टेंबर. सप्टेंबरला एकतिसावा दिवस बहाल करण्याचा अधिकार तुला कुणी दिला, असं मी हसत हसत विचारलं होतं, आठवतं? तू हसली नाहीस. दादानं तू लिहून दिलेला फॉर्म टाइप करणाऱ्या कारकुनाला शिव्या घातल्या. दुसऱ्या फॉर्मवर बाबाच्या सहीच्या चौकटीत तुझी सही आणि तुझ्या चौकटीत बाबाची. त्याचं खापर वहिनीनं दादावर फोडलं, दादानं चौकटींवर. मी मात्र त्या ऑफिसातल्या माणसावर संशय धरला, की फॉर्म परत पाठवून हा स्वतःचं महत्त्व वाढवतोय. माझ्या संशयाचं एक आहे, तो घराबाहेर फार लांबलांबपर्यंत फिरतो. घरात पाऊल टाकायचं म्हटलं की त्याचे पाय दुखतात.

म्हणून तिसऱ्या वेळी सगळ्यांनी शहाणपणा केला. तू फॉर्म तिथं वसतिगृहात बसून शांतपणे भरावास, टपालानं घरी पाठवावास, आणि टायवाला तो न्यायला येण्याआधी मी डोळ्यांत तेल घालून तपासावा. रविवारी दादा पाकीट घेऊन आला. “एकदा तुझ्या नजरेखालून घाल, म्हणजे मी सुटलो.” मी पट्टी घेऊन बसले, ओळीखाली पट्टी, एकेक अक्षर. तारीख बरोबर. सह्या बरोबर. पत्ता, गुण, उंची, सगळं बरोबर. अगदी शेवटी ते हमीपत्र. विद्यार्थ्यानं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हातानं एक वाक्य उतरवून काढायचं, म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर टायवाला ते नाकापुढं धरणार. छापील वाक्य असं होतं: ‘मी हा अभ्यासक्रम स्वेच्छेने निवडत आहे.’ खाली तुझ्या सुरेख अक्षरात: ‘मी हा अभ्यासक्रम सर्वेच्छेने निवडत आहे.’

मी पट्टी सरकवून पुढं गेले होते, हे कबूल करते. डोळा फसतो, ‘स्व’च्या जागी ‘सर्व’ आला तरी पुढच्या ‘इच्छे’च्या ओघात खपून जातो. पुढच्या ओळीवरून मागं आले. आणि मग किती वेळ पट्टी तिथंच होती, ते सांगता येणार नाही. चहावर साय धरली होती एवढं खरं.

आता तुला वाटेल, आत्याचं आपलं नेहमीचं, राईचा पर्वत. दमलेल्या हातून एखादा रफार जास्त पडूही शकतो. दुसऱ्या कुणाच्या हातून पडला असता तर मीही लाल काट मारून मोकळी झाले असते. पण तू? पाचवीपासून प्रत्येक सुटीत माझ्या टेबलासमोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचणारी तू, ऱ्हस्व-दीर्घासकट, स्वल्पविरामासकट? आमच्या मोठ्या तपासनिसांची ती रीत तुला ठाऊक आहे. नवा माणूस खरंच वाचतो की नुसती पानं उलटतो हे पाहायला ते मजकुरात मुद्दाम एक चूक पेरायचे. सापडली तर चहा, नाही सापडली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी तुझ्यासाठी पेरायची, तू वेचायचीस. आणि एकदा जीवशास्त्राच्या पुस्तकात तू माझ्यासाठी पेरलीस, ‘हृदयाला चार गप्पे असतात’. मी सोडून दिली होती. तू दोन दिवस वाट पाहिलीस आणि मग रडकुंडीला येऊन म्हणालीस, “आत्या, तू वाचतच नाहीयेस.”

एकतीस सप्टेंबर. अदलाबदल झालेल्या सह्या. कितीदा पेरलंस गं? आणि आम्ही कारकुनाच्या नावानं बोटं मोडत बसलो.

तुला काकपद म्हणायला मी लागले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. दोन मोठी माणसं बोलत असली की बरोबर मध्ये घुसायचीस आणि त्यांना न आठवणारा शब्द सांगून मोकळी व्हायचीस, प्रुफात गळलेलं अक्षर आत घ्यायला दोन शब्दांच्या मध्ये आम्ही ते टोकदार चिन्ह घालतो ना, अगदी तशी. वहिनीला अजून वाटतं की मी तिच्या मुलीला कावळ्याचा पाय म्हणते. पण गेल्या वर्षी दिवाणखान्यात तुझं भवितव्य ठरत होतं, दादा, वहिनी, टायवाला आणि मी, चौघंही एकदम बोलत होतो, तेव्हा तू मध्ये घुसली नाहीस. बिस्किटांची ताटली ठेवलीस आणि आत गेलीस. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी मनात म्हटलं, पोरगी मोठी झाली. किती सोयीचं वाक्य आहे बघ, तपासावंसंच वाटत नाही.

आता खरं सांगते, कशासाठी हा सगळा पसारा. रविवारपासून मी त्या ‘सर्व’मध्ये कोण कोण आहे ते मोजतेय. दादा आहे, पाटीसकट. वहिनी आहे, वजनकाट्यासकट. टायवाला आहे, काकू आहेत. सगळ्यांची नावं मला पटापट सुचली, कारण दुसऱ्यांवर संशय घेणं हा माझा धंदा आहे. एक नाव सुचायला तीन दिवस लागले. पहिल्या फॉर्मसोबत निबंध हवा होता, ‘मला डॉक्टर का व्हायचे आहे’. तू दोन दिवस कोऱ्या कागदापुढं बसून होतीस. दादा मला म्हणाला, तुला शब्दांची काय कमी, दे लिहून. आणि मी दिला. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता. आजोबांच्या आजारपणात तू त्यांची सेवा केलीस आणि तिथंच तुझ्या मनात ही ज्योत पेटली, असं लिहिलं. आजोबा तुझ्या जन्माआधी सहा वर्षं गेले. त्या टायवाल्याच्या पुस्तिकेत निदान सांगाडा तरी खरा होता. तू तो निबंध मुकाट्यानं उतरवून काढलास आणि मी तुझं शुद्धलेखन तपासून शाबासकी दिली. तुला खरोखर काय हवंय ते मी आजतागायत विचारलेलं नाही. मलाही ते माहीत नाही. तेव्हा हे पत्र त्या ‘सर्वां’मधून माझं नाव काढून घ्यायला लिहिलंय. बाकीच्यांची मी काढू शकत नाही. पुढच्या आठवड्यात गुरुवारी टायवाला फॉर्म न्यायला येतो. मी त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळीच तुझ्याकडे पोचते, रजा टाकली आहे. सोबत कोरा कागद ठेवलाय, त्यावर ते वाक्य तुला हवं तसं लिही. ‘स्वेच्छेने’ लिहिलंस आणि ते खरं असलं, तर मी स्वतः तुझी बॅग उचलीन, वहिनीच्या देखरेखीखाली. कागद कोराच ठेवलास तर आपण दोघी मिळून दादासमोर बसू. बोलायचं तू, मी फक्त शेजारी असेन आणि तोंड मिटून राहीन, जे मला आयुष्यात जमलेलं नाही. काल त्यानं विचारलं, झाला का तपासून? मी म्हटलं, चूक निघाली आहे. तो चवताळून म्हणाला, “आता कुणाची?” मी म्हटलं, बऱ्याच जणांची दिसते, बुधवारी यादी देते. पहिलं नाव मी माझ्या हातानं लिहून ठेवलंय.

तुझीच,
उशिरा वाचणारी आत्या