मी फक्त झाकण मिटलं

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, तो पोचल्याचं मानून घ्यावं). आपली प्रकृती उत्तम असणारच. आपली साखर आटोक्यात आहे, रक्तदाब शहाण्यासारखा वागतो आणि डोक्यावरचे केस अजून जागच्या जागी आहेत, हे आमच्या हिच्याकडून मला जेवताना कळत असतं. ताईंनाही माझा नमस्कार सांगावा. एवढ्या सर्वगुणसंपन्न माणसाबरोबर राहायचं म्हणजे त्यांनाही कष्ट पडतच असतील.

पत्रास कारण की, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला तर बिघडतो का, असा प्रश्न आमच्या घरात निघाला आणि तो, मी समोर बसलेला असताना, तुम्हाला विचारण्यात आला.

आपली मेहुणी लोकांना स्वयंपाकघरं आखून देते, हे आपण जाणताच. ओटा कुठे, सिंक कुठे, फडताळाचं दार कुठल्या अंगाला उघडणार, हे सगळं ती लॅपटॉपवर काढते आणि मग त्याचं हुबेहूब फोटोसारखं चित्र करायला त्या यंत्राला अख्खी रात्र लागते. (आमच्या स्वतःच्या फडताळाचं दार उघडलं की हातात येतं, पण ते कुठल्या चित्रात नसल्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही.) आता माझी नोकरी विमा कचेरीतली, त्यातही जळीत दाव्यांच्या टेबलावरची. दिवसभर लोकांच्या करपलेल्या इस्त्र्यांचे फोटो बघणारा माणूस रात्री घरभर फिरून गॅस, गीझर, चार्जर बंद करणारच. हिने या फेरीला 'गस्त' असं नाव ठेवलं आहे. लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, त्याच्या खालून हवा खेळू दे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. तेव्हा ती भुणभुण होती. तुम्ही फोनवर तेच सांगितलंत आणि तो सल्ला झाला. लगेच घरात खालून पंखा असलेला एक स्टँड आला. झोपण्यापूर्वी ही लॅपटॉपच्या पोटाखाली हात घालून बघते, तापलाय का म्हणून. मागे मला ताप आला होता, तेव्हा मला थर्मामीटर कुठल्या खणात आहे ते सांगण्यात आलं होतं.

"भावोजी म्हणाले, रात्रभर चालला तर काही होत नाही. हवा मिळाली पाहिजे आणि अधूनमधून रीस्टार्ट केला पाहिजे, बस. त्यांच्या हॉस्पिटलातली मशिनं ते कधी बंदच करत नाहीत," हिने मला ऐकवलं.

मी म्हटलं, हॉस्पिटलात दिवेही रात्रभर जळतात, म्हणून आपण जाळायचे का?

"भावोजींचं नाव काढलं की तुम्ही तिरके चालायला लागता. हे बघा, बटणाला हात लावायचा नाही. उद्या सकाळी त्या डॉक्टरीणबाईंना चित्र दाखवायचंय. हे काम हातचं गेलं ना, तर माझ्याशी गाठ आहे."

साडूभाऊ, मी बटणाला हात लावला नाही. मी फक्त झाकण मिटलं. धूळ बसू नये, पडद्याचा उजेड माझ्या डोळ्यांवर येऊ नये, आणि (आता लिहायला काय हरकत आहे) आपल्या सल्ल्याने चालणारी एक वस्तू निदान सकाळपर्यंत नजरेआड राहावी, एवढाच हेतू. पुस्तक मिटावं तसं हळूच मिटलं. पुस्तक मिटलं म्हणून आतली गोष्ट काही थांबत नाही.

लॅपटॉपची थांबते, हे सकाळी कळलं. झाकण मिटताच यंत्र आत बिनघोर झोपलं होतं. चित्रात वरची फडताळं उमटली होती, भिंतीतला नळही उमटला होता, पण खाली ओट्याच्या जागी नुसता काळोख. नळ सोडला असता तर पाणी थेट पाताळात गेलं असतं.

मी संधी साधून म्हणालो, "बघ! रात्रभर चालू ठेवलास, बिघडला."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुम्हाला फोन लावला. आणि तुम्ही इतक्या लांबून, तोंडात ब्रश असताना (आवाजावरून कळत होतं), विचारलंत, "झाकण कोणी मिटलं?"

फोन स्पीकरवर होता, हे आपल्याला माहीत नव्हतं असं मी धरून चालतो.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी एक दिवसाची सवलत दिली. तुम्ही हिला फोनवरूनच कुठलंसं सेटिंग बदलायला लावलंत आणि आता झाकण मिटलं तरी यंत्र चालूच राहतं. म्हणजे या घरात माझ्या हातून काही नुकसानदेखील होऊ नये, अशी व्यवस्था आपण केलीत. चित्र पुरं झालं, काम मिळालं. ते मिळाल्याचा पहिला फोन तुम्हाला झाला. मी त्याच खोलीत होतो.

'लोभ असावा' असं लिहायचा प्रघात आहे. पण आमच्या घरातला लोभ आपल्याकडे नियमितपणे येतोच आहे, तेव्हा थोडा इथे शिल्लक राहू द्यावा, ही विनंती.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : या पत्राला मत्सराचा वास येतो असं वाटल्यास तो आपल्या नाकाचा दोष समजावा. तेवढा एक तरी दोष आपल्यात असू द्या.

आणखी ता. क. : मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावून ठेवावा की नाही, हे विचारायला ही रविवारी आपल्याला फोन करणार आहे. आपण कृपा करून एवढंच म्हणावं, "हे काही मला सांगता येणार नाही बुवा, तुझ्या नवऱ्याला विचार."

ता. क.चा ता. क. : मात्र ठेवावा की नाही, ते शनिवारपर्यंत मला कळवावं.