आरोहीचे वाळे

७ ऑगस्ट, बुधवार

ठमाबाईने आज पाकीट माझ्या अंगावर फेकलं. फोडलेलं. शेंगदाण्याची पेस्ट थेट साडीच्या निऱ्यांवर. दारात बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दरड येऊन वरची वाडी गाडली गेली त्याला पाच आठवडे झाले. माणसं वाचली. घरं, भातखाचरं, देवीचं ठाणं – सगळं मातीखाली. आता डिंभ्याच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस कुटुंबं राहतात. मी संस्थेची नर्स. पोरांची वजनं करायची, दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजायचा, पट्टी लाल आली की ही पाकिटं द्यायची. अवसरीहून दोन एसट्या बदलून येते. मला इथे कुणी बोलावलेलं नाही, हे रोज नव्याने कळतं.

आरोही ठमाबाईची नात. एकोणीस महिन्यांची. वजन सहा किलो शंभर. दंडाची पट्टी लाल – अकरा पॉइंट एक सेंटीमीटर. हयगय केली तर अशी पोरं हातची जातात. तपासणीसाठी दिलेलं पहिलं पाकीट मात्र चाटूनपुसून खाल्लं, म्हणजे भूक जिवंत आहे, इथेच उपचार करता येतील. आई हर्षाली पहाटे पिकअपमधून नारायणगावला टोमॅटो तोडायला जाते. पोर दिवसभर आजीकडे.

काट्याच्या झोळीत घालताना म्हटलं, वाळे काढा, खरं वजन कळू दे. वाळे इतके सैल की घसरून टाचेशी आले होते. मी हात लावला तर ठमाबाईने फटकन झटकला.

"जावळ झाल्याबिगर वाळं उतरत न्हाईत. देवीला शबूद दिलाय. पायाला हात लावायचा न्हाई."

"मग जावळ करून टाका."

"कुटं करू? देवी मातीखाली हाय. तुमी उकरून द्या."

पुन्हा हशा. आणि मग ते पाकीट.

फॉर्मवर 'पायावर सूज' असा रकाना आहे. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबायचा, खड्डा राहतो का बघायचं. हात लावू दिला नाही. मी 'नाही' लिहिलं. काडीसारख्या पायांना कसली सूज.

१० ऑगस्ट, शनिवार

पाऊस. पाकिटं उंबऱ्यावर ठेवून आले. ठमाबाईने पाठ फिरवली ती फिरवलीच.

१४ ऑगस्ट, बुधवार

सहा किलो साडेतीनशे. एका आठवड्यात पाव किलो! मी आकडा मुद्दाम मोठ्याने वाचला, ठमाबाईला ऐकू जावा म्हणून. माझ्यात हा खुनशीपणा कुठून आला? पण आनंद झाला खरा.

आरोही रडलीही नाही. गेल्या वेळी झोळीत केवढी हातपाय झाडत होती. आज शांत. गालही जरा भरलेत. वाडीची आशाताई, साळुबाई, म्हणाली, "म्हातारीचं तोंड बगा, कसं कडू कारलं झालंय. बाई, तुमी जितल्या राव."

ठमाबाई एवढंच म्हणाली, "पोरगी गप झालीय. मला न्हाई आवडत."

तिला काहीच आवडत नाही. पायांना फडकं गुंडाळून ठेवलं होतं, माझा हात लागू नये म्हणून असेल. सूज – 'नाही'.

१७ ऑगस्ट, शनिवार

चोरी पकडली.

न सांगता दुपारी गेले. शेडच्या मागे अकरा पोरं ओळीत बसलेली, समोर ठमाबाई. मी आरोहीसाठी दिलेलं पाकीट तिच्या हातात. एकेकाच्या जिभेवर बोट फिरवत चालली होती. शेवटी आरोहीच्या वाट्याला बोटभर. म्हणजे दहा दिवस हेच.

मी ओरडले. हे औषध आहे, वाटून खायचा खाऊ नाही.

"एका पोराला दावून दावून घालू? बाकीची काय दगडं हायती?"

"त्यांची पट्टी हिरवी आहे, ठमाबाई."

"हिरवी म्हंजी पोट भरल्याली व्हय?"

मी विचारलं, आरोही खाते तरी काय?

"प्याज."

"नुसती पेज?"

"शिद्यात तांदूळच येतोय. का तुमी डाळ धाडली आन् आमी मदीच गिळली?"

बायका आज हसल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या, ते जास्त लागलं.

संस्थेच्या साहेबांना फोन केला, की सगळ्याच पोरांना डाळ-शेंगदाणे द्यायला हवेत. म्हणाले, "आपल्या प्रकल्पात बसत नाही ते." लगेच पुढे, "आरोहीचा आकडा मात्र छान. फोटो पाठवा."

परतताना एसटीत एकच विचार. पाकीट तिला मिळालंच नाही, तर पाव किलो वाढलं कसं?

२१ ऑगस्ट, बुधवार

आज मी भांडले. रस्त्यावरच्यासारखी भांडले.

सहा किलो सातशे. पण दंड तितकाच. अकरा पॉइंट एक, एक रेषही पुढे नाही. अंग वाढलं की दंड भरतो. दंड नाही आणि वजन आहे, म्हणजे काट्याला फसवलंय. पोराचा आकडा घसरला तर चौदा दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागतं, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. हर्षाली तिथे बसली तर रोजगार बुडतो. म्हणून ही म्हातारी वजनाआधी पोरीला पाणी पाजते. नाहीतर वाळे बदलून जड घातलेत. मला खात्रीच पटली.

"वाळे काढा. आत्ता."

"निगत न्हाईत."

"निघत नाहीत? दोन आठवड्यांपूर्वी टाचेवर लोंबत होते. मी डोळ्यांनी पाहिलेत."

"तवा निगत व्हते, मी काढू दिले न्हाईत. आता मीच म्हंते काडा, तर निगत न्हाईत."

"देवी आड येत नाही वाटतं आता?"

"देवीला ठिवा बाजूला. या, लावा हात. बगा सवताच."

तिने आरोहीचे फडक्यात गुंडाळलेले पाय माझ्यापुढे धरले. आणि मी – पंचवीस वर्षं नर्स – हात मागे घेतला. म्हटलं, "तेव्हा हात झटकलात ना? आता नाही लावत. खोटारड्या आहात तुम्ही."

शब्द शेडभर ऐकू गेला. ठमाबाईने फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. एवढ्या आवाजानेही आरोही दचकली नाही. पोरगी माझ्याकडे बघत होती, पण बघण्यात काही नव्हतं.

फॉर्म भरला. सूज – 'नाही'.

साहेबांचा मेसेज आला, शिबिरातली पहिली सुधारलेली केस म्हणून अभिनंदन.

२२ ऑगस्ट, गुरुवार

 क्रमाने लिहिते.

आज डाळीसाठी अर्ज द्यायला डिंभ्याला गेले. शेडकडे फिरकायचं नाही असं ठरवून. काम झालं. परतीची एसटी आली नाही. फाट्यावर बसले. चप्पल काढली, तर पायाच्या बोटाला जोडव्याचा वळ. तो बघता बघता माझ्या मुलाच्या, कौस्तुभच्या वेळचा आठवा महिना आठवला. पाय सुजले होते. साबण लावला, तेल लावलं, जोडवी निघेनात. शेवटी सोनाराने पक्कडीने कापली. सासूबाई म्हणत होत्या, काल निघत होती, आज कशी निघत नाहीत? मला खोटी ठरवत होत्या.

तिथेच उठले. पाऊण तास चालत शेडवर गेले.

ठमाबाई दारात होती. मी काही न बोलता खाली बसले, फडकं सोडलं. वाळे मांसात रुतले होते. पावलं गुबगुबीत, कातडी ताणून चकाकत होती. अंगठा दाबला. एक, दोन, तीन. उचलला. खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही.

वजन नव्हतं ते. पाणी होतं. नुसत्या पेजेवर राहिलेल्या पोरांना असंच पाणी भरतं, गाल भरल्यासारखे दिसतात, पोर गप होतं. हे मला शिकवलेलं आहे. मी दुसऱ्यांना शिकवते.

"ही सूज आहे," मी म्हटलं. "ताबडतोब न्यायला हवं."

"मग काल काय सांगत व्हते मी?"

फाट्यावरच्या जीपवाल्या राजमहंमदभाईंना साळुबाईने बोलावून आणलं. पक्कड त्यांच्याकडेच होती. ठमाबाईने पाय स्वतः धरला. एवढंच म्हणाली, "भाऊ, पोरीला लागू दिऊ नका. देवीचं मी बगते." दोन्ही वाळे कापले. खाली खोल निळसर चर. आरोही हूं का चूं नाही.

जीपमध्ये ती आजीच्या मांडीवर. मी मागे. वाटेत ठमाबाईने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

दवाखान्यात आहे. नळीतून थोडं थोडं दूध. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर आम्ही काही बोलू शकलो नसतो. आजही नक्की काही बोलत नाहीत. हर्षाली कॉटखाली बसून असते. तिचा रोजगार बुडतोय. बुडू दे म्हणाली.

साहेबांना तिन्ही फॉर्म दुरुस्त करून पाठवले. 'पायावर सूज – न तपासता नाही लिहिले.' खाली सही. फोन आला. "हे असं लेखी कशाला दिलंत? पहिली केस म्हणून वर कळवून झालंय."  मग, "सोमवारी शेडवर दुसरी नर्स येईल."

घरी शेंगदाणे भाजून गुळात कुटले. अकरा मुठी बाजूला काढल्या. साळुबाईजवळ देईन. पुरणार नाहीत, माहीत आहे.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आता शेडच्या कामावर नाही म्हणून भेटायच्या वेळेत गेले. वजन पाच किलो सातशे. एक किलो कमी! पाय पुन्हा काड्यांसारखे. डॉक्टर म्हणाले, पाणी उतरलं, आता खरी वाढ सुरू होईल.

मला बघताच आरोहीने वाटी उलटी केली आणि किंचाळली, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. ठमाबाई कापलेले वाळे पदराच्या गाठीत घेऊन बसली होती. म्हणाली, "रागवाय लागली बगा." मग तोंड फिरवलं. "मी बी अजून रागातच हाय. उद्या या."