लिनेओची आई

शुक्रवार, १२ जुलै

जुलै म्हणजे ऐन हिवाळा, नळ गोठलेला. बादलीत बर्फाची चकती. हे म्हणाले, दहापर्यंत सुटेल. दहापर्यंत मी तोंड काय थुंकीने धुऊ?

पण आजचा राग नळाचा नाही. तो इथेच लिहून काढते, नाहीतर मशीनवर निघेल आणि गायनमंडळाचे झगे वाकडे शिवले जातील.

दुपारी मापाबालो आली. शेजारीण, शिवाय आमच्या चर्चच्या गायनमंडळाची चिटणीस, त्यामुळे वही कायम काखेत. भिंतीला टेकून दोघी उन्हात बसलो. चहा झाला, संत्री झाली, पाद्रीबाबांच्या नव्या जोड्यांवर बोलून झालं. जुलैतल्या उन्हाइतकं सुख दुसरं नाही. मग तिने उद्याच्या तालमीची यादी काढली. मी चष्मा लावून वाचत गेले. तेराव्या नंबरावर — मोसेले. म्हटलं, ही कोण मोसेले? गल्लीत नवीन कोणी आलंय का? तर ही बया माझ्याकडे बघेच ना. संत्र्याची सालं चुरगाळत म्हणाली, "अगं, तुझी सून. तिनंच सांगितलं तसं लिहायला."

माझी सून!

मोसेले हे तिचं माहेरचं नाव. ते लग्नाच्या दिवशी माहेरच्या दारातच ठेवून यायचं असतं. मी ठेवून आले, मापाबालो ठेवून आली, आमच्या आया, आज्या, सगळ्या ठेवून आल्या. सासरचे नवं नाव देतात, जे मूल व्हायचंय त्याची आई म्हणून. मला मात्सेलिसो म्हणाले आणि अकरा महिन्यांत त्सेलिसो मांडीवर होता. आधी नाव, मागून मूल. हिला मी मालिनेओ म्हटलं. लिनेओची आई. चार वर्षं झाली. आणि आता सगळ्या मंडळाच्या देखत, शाईने — मोसेले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मापाबालोला दुसरा चहा विचारला नाही. तिचा काय दोष, पण नाही विचारला.

संध्याकाळी

शाळेतून आली बाईसाहेब. अंगणातून हाक मारली, मालिनेओ! उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी "हो आई" म्हणाली. आधीच्या दोन हाका मी काय भिंतीला मारल्या?

शनिवार, १३ जुलै

झोप लागली नाही. हे घोरत होते. ह्यांना ब्लँकेट अंगावर असलं की जगात सगळं ठीक असतं.

जे कोणाला बोलत नाही ते इथे लिहिते. लिनेओ हे माझं नाव आहे. माझं स्वतःचं, माहेरचं. चौतीस वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. आई होती तोवर ती मारायची, तीही हळू, सासरचं कोणी ऐकत नाही ना बघून. पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवायचं ही आपली रीतच आहे, मी काही जगावेगळं केलं नाही. पण खरं सांगायचं तर मला ते नाव पुन्हा ऐकायचं होतं. ह्या अंगणात, मोठ्याने. "लिनेओ, कोंबडीला सोड! लिनेओ, पायात घाल!" असं. एवढीच हौस. दागिना मागितला नाही, काही नाही.

आणि नाव किती चांगलं. लिनेओ म्हणजे भेटी, देवाने दिलेल्या. वाईट नाव अपशकुन ओढून आणतं म्हणतात, म्हणून मी चांगल्यातलं चांगलं दिलं. ते ही बाई झटकून टाकते, चपलेतला खडा झटकावा तसं!

दहा वाजता

विचारलंच. ती माक्वेन्या तळत होती. दुपारी तालमीला बायका येणार, सगळ्या माझ्याच स्वयंपाकघरात, कारण कोळशाची शेगडी अख्ख्या गल्लीत आमच्याकडेच नीट पेटते. ती पिठाचे गोळे तेलात सोडतेय, मी मागे उभी. म्हटलं, यादीत काय प्रकार आहे? मागे न वळता म्हणाली, शाळेत सगळे मोसेलेच म्हणतात, मंडळातही तेवढं चालू द्या. मी म्हटलं, शाळा शाळेच्या जागी, हे घर आहे. कोणी सासू ओरडली असेल ह्यापेक्षा, मी तर साधंच बोलले.

तेव्हा म्हणते, "आई, ते नाव मला झेपत नाही."

झेपत नाही! नाव म्हणजे काय डोक्यावरची पाण्याची घागर आहे? मला झेपलं, तिच्या आईला झेपलं. ही बी.ए. झालेली, हिला झेपत नाही. माक्वेन्या मात्र सुरेख झाल्या होत्या, हेही लिहिते. उगाच खोटं कशाला. मी चार खाल्ल्या, रागाच्या भरात.

दुपारनंतर

त्सेलिसो सीमेपलीकडून, ब्लोमफोंटेनच्या कामावरून आला. सीमेवर तीन तास रांगेत उभा होता म्हणे. वाळला आहे. ताट वाढता वाढता सांगितलं, बायकोला समज दे. तर ह्याने पापाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "आई, सोड ना." बापही सकाळी हेच म्हणाला. ह्या घरातल्या पुरुषांना दुसरा शब्द येत नाही!

मग मीही सगळं काढलं. गेल्या हिवाळ्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, सगळी गल्ली दवाखान्यात येऊन गेली. मापाबालो तर दोनदा, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी आणलेला रस्सा स्वतःच पिऊन गेली. सून मात्र आली नाही. तेव्हा ती त्सेलिसोबरोबर ब्लोमफोंटेनलाच राहायची, फोनवर म्हणे खोकला आहे. खोकला! महिनाभर खोकला? सप्टेंबरात इकडच्या शाळेत नोकरी लागली म्हणून राहायला आली, तेव्हासुद्धा त्यावर एक शब्द नाही. मी मनात ठेवलं नाही. म्हणजे ठेवलं, पण बोलले नाही. आज बोलले. त्सेलिसो ताट तसंच ठेवून बाहेर गेला आणि बापाबरोबर दगडांचा डाव मांडून बसला. हरला. एरवी हरत नाही.

तालीम झाली. चौदा बायका, सगळ्यांची ब्लँकेटं, काचांवर वाफ. पहिल्या कडव्यापर्यंत मी कोणाकडे बघत नव्हते. दुसऱ्या कडव्यात खालचे सूर लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. ती खालच्यात गाते. आवाज आहे मेलीला, नाकारून कसं चालेल? मापाबालोने हजेरी घेताना तेरावं नाव घेतलंच नाही. नुसती मान हलवून खूण केली. माझ्या घरातल्या माणसाला आता नावच उरलं नाही! हे काही खरं नाही. उद्या सोक्षमोक्ष.

रविवार, १४ जुलै

केला.

चर्चनंतर सगळ्या आमच्याकडे चहाला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतातच. पीच शिजवून ठेवले होते, उन्हाळ्यात वाळवलेले, साखर घालून. सुनेने खुर्च्या उन्हात मांडल्या. मी वाट पाहिली. सगळ्यांच्या हातात कप येऊ दिले, पहिला घोट होऊ दिला. मग उठून उभी राहिले, खांद्यावर पांघरलेल्या ब्लँकेटची पिन नीट केली आणि बोलले. म्हटलं, बायांनो, मंडळाच्या यादीत एक चूक झाली आहे. ह्या घराने आपल्या सुनेला एक नाव दिलं आहे. बैल कापून, सगळ्या गावाला जेवू घालून दिलं आहे. ते ज्यांना घ्यायचं नसेल त्यांनी माझा चहा खाली ठेवावा.

कोण ठेवतंय! थंडीत गरम कप कोणी सोडतं का?

मापाबालोने वहीत डोकं घातलं, पण बाकीच्यांना निमित्तच हवं होतं. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, तिने आनंदाची किलकारी काढली. मग सगळ्या सुरू झाल्या. टाळ्या धरल्या, आणि गायला बसल्यावर जसं एकजण उचलते आणि बाकीच्या झेलतात तसं — मालिनेओ! मालिनेओ! लिनेओची आई, कुठे आहे लिनेओ, आण तिला, आण तिला! हसून हसून पीच सांडले. मीही ताल धरला. अंगणात माझं नाव घुमत होतं, चौतीस वर्षांनी. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सून किटली घेऊन उभी होती. माझा कप भरू लागली. कप भरला, बशी भरली, चहा माझ्या बुटांवर आला तरी ओततच होती. "अगं!" म्हटलं तेव्हा थांबली. किटली जमिनीवर ठेवली आणि आत गेली.

जिरली. मनात हाच शब्द आला, तोच लिहिते.

रात्रीचं जेवली नाही. त्सेलिसोही आत आणि दार लावलेलं. हे माझ्याकडे असे बघतात जसं मी कोणाचं डोकं फोडलं. नाटकं सगळी! एका नावापायी एवढी नाटकं मी जन्मात पाहिली नाहीत.

सोमवार, १५ जुलै

पहाटे त्सेलिसोला गाडीपर्यंत पोचवायला फाटकाशी गेले. पिशवी खांद्याला लावून तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, "आई, लिनेओ येऊन गेली. गेल्या जुलैत. सातव्या महिन्यातच. दिवस राहिल्याचं तुला समोर येऊन सांगायचं होतं. एक रात्र होती आमच्याजवळ. कागदावर नाव लागतं म्हणाले, म्हणून मी तू ठेवलेलंच सांगितलं. तू तेव्हा ऑपरेशनच्या खाटेवर होतीस. नंतर सांगायला तोंड उघडेना."

मग गाडी आली.

दहा महिने मी अंगणातून ओरडते आहे. काल सगळ्या मंडळाकडून ओरडवून घेतलं. आण तिला, आण तिला.

ती उठली आहे. शेगडीतली राख काढतेय, ऐकू येतंय. उठून आत जायला हवं. काय हाक मारू?