मोकळा टाका

४ जानेवारी १९७४

हो म्हणून बसले! का, ते विचारू नये.

फ्लाइंग क्लबचे नवे सेक्रेटरी दुपारी शिवणवर्गात आले. पोलक्यांची मापं चालली होती, ती बघून दारातच बावरले. विमानाचे पंख नव्यानं बांधतोय म्हणाले, लाकूडकाम होत आलंय, वरचं कापड शिवायला कुणी मिळत नाही. कोणतं विमान ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सोलापुरात दुसरं आहे कुठे?

विरुपाक्षचं. इथे नाव लिहिते. अत्तींनी पाहिलं तर कपाळाला हात लावतील — नवऱ्याचं नाव घेते म्हणून. पण आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही, हे एक बरं आहे.

६ जानेवारी

शेडमध्ये गेले. धड तसंच आहे. पडलं तेव्हा पंखांचं लाकूड मोडलं, धड वाचलं, आत बसलेला वाचला नाही. बसायच्या जागेचा पट्टा अजून त्याच्याच मापाला. मी हात लावला आणि काढून घेतला. दुपारच्या उन्हात पत्रा कडकड वाजत होता, आणि मला सारखं वाटत होतं की आता मागून कुणीतरी म्हणणार, "दाक्षू, सरक जरा."

आणि लाकूडकाम करतोय कोण, तर कल्लप्पा! मला बघून त्याचा रंधा थांबला. मीही थांबले. पाच वर्षांत आम्ही एकमेकांसमोर आलो नव्हतो.

तो तेव्हाचा क्लबचा मिस्त्री, विरुपाक्षचा जिवाभावाचा. विमान पडल्यावर चौकशी झाली, कारण सापडलं नाही. गावाला मात्र लगेच सापडलं — कल्लप्पानं पंखाची तार नीट ताणली नव्हती. पहिल्यांदा ते बोलल्या अत्तीच. मातीच्या वेळी, सगळ्यांदेखत, "माझं लेकरू खाल्लंस रे." त्यानं मान खाली घातली, ती अजून वर आलेली नाही. त्यानंतर त्याला कुणी साधी चौकट बसवायलाही बोलावत नव्हतं म्हणे.

१० जानेवारी

कापड आलं. बंगलोरहून! चादरींच्या गावात बाहेरचं कापड. हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

१२ जानेवारी

मोडके जुने पंख कापडासकट शेडच्या कोपऱ्यात पडून आहेत; माप कळावं म्हणून उजव्याचं कापड उसवायला घेतलं. शिवण अत्तींची. अपघाताआधी क्लबनं पंखांवर नवं कापड चढवलं होतं आणि विरुपाक्षनं हट्टानं आईकडून शिवून घेतलं. गावी मैंदर्गीत त्यांच्या कौदीसारखी कौदी, गोधडी म्हणा, कुणाची नसायची. पंखाच्या लाकडी फासळ्यांवर दोन्ही अंगांनी कापड ताणायचं, दाभण या बाजूनं घालून त्या बाजूनं काढायचं, मेणाच्या दोऱ्यानं आवळायचं, टाक्यागणिक गाठ. आणि पुढच्या कडेला शेवटची गाठ दुहेरी. ती सुटली तर हवा कापडाखाली शिरते, असं त्यानं समजावलं होतं. अत्ती म्हणाल्या होत्या, मला शिवण शिकवतोस होय रे.

काय टाके आहेत! मापानं पाडल्यासारखे. उसवताना जिवावर आलं, मापापुरतं उसवून बाकी तसंच ठेवलं.

१६ जानेवारी

गड्ड्याची जत्रा म्हणून दोन दिवस शेड बंद होती. आज जुना डावा पंख उसवायला काढला. काढायला नको होता.

सगळ्या फासळ्यांवर दोरा तुटलाय. हिसक्यानं तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजलेली असतात, गाठ जागच्या जागी राहते. शेवटच्या फासळीवर, पुढच्या कडेला, दोरा तुटलेला नाही. सुटलाय. टोक साफ, कात्रीनं कापलेलं. गाठ नाहीच. तिथून मागे एकेक टाका सैल होत गेलाय, भोकं ओढून लांबट झालीत. इतकी वर्षं मुलींना शिवण शिकवते, तुटलेला आणि सुटलेला मला कळतो.

लग्न होऊन आले त्या वर्षी अत्तींनी कौदी शिवताना सांगितलं होतं — शेवटचा टाका बांधायचा नसतो. पुरं झालेल्याला नजर लागते. एक टाका देवाला मोकळा ठेवायचा, म्हणजे धनी सुखरूप राहतो. विरुपाक्षच्या पाळण्यातल्या कौदीला तो होता. त्याच्या सदऱ्यांना होता. माझ्या पोलक्यांनाही.

आणि पंखाला.

मी तो तुकडा कापला आणि वर्गातल्या ट्रंकेत तळाशी घातला. हात धुतले. पुन्हा धुतले.

१७ जानेवारी

सांगितलं तर कल्लप्पा सुटतो आणि अत्ती जातात. नाही सांगितलं तर अत्ती जगतात आणि कल्लप्पा रोज मरतो. आज भाकऱ्या करपल्या, दोन्ही.

२१ जानेवारी

मी पंख शिवायला जाते हे अत्तींना कळलंच. शेजारच्या अक्कम्मानं चोमडेपणा केला. मला वाटलं आकाशपाताळ एक करतील. तर म्हणाल्या, मला तितं ने.

रिक्षानं नेलं. कल्लप्पा मागच्या दारानं बाहेर गेला. अत्तींना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. उजव्या पंखाच्या जुन्या कापडावरून बोटं फिरवत राहिल्या, एकेक गाठ चाचपत. शेवटाला पोचल्या तेव्हा मला म्हणाल्या, "डावा कुटं हाय?"

मी म्हटलं, कसर लागली होती, जाळला.

"बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, नवे पंख मीच शिवणार. मी भांडले — डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे धरलेले, हौस कसली ही! त्यांचं एकच, "बोटांला न्हाय की झाला मोतीबिंदू."

हट्टात मायलेकरं सारखीच.

३ फेब्रुवारी

पंख उभा करून शिवतो. अलीकडे मी, पलीकडे अत्ती. मी दाभण घालते, त्या ओढून घेतात आणि परत पाठवतात. मध्ये कापडाची भिंत, एकमेकींचं तोंड दिसत नाही. गाठी त्यांच्या बाजूला.

आज दुपारी दाभण परत यायला उशीर झाला. मी वाट बघत राहिले. मग ते आलं, पण पाठवणारा हात अत्तींचा नव्हे असं वाटलं — जरा खट्याळ, टोक आधी आत-बाहेर करणारा. तो असंच करायचा, मी बटणं लावत असताना. मी हाक मारली नाही. मारली असती आणि पलीकडून अत्तींचाच आवाज आला असता, तर सोसलं नसतं मला.

५ फेब्रुवारी

शिवून झालेल्या भागाला डोप, म्हणजे विमानाच्या कापडाचं रोगण, लावतात. नेलपॉलिशसारखा वास. वाळलं की कापड ताणतं, टिचकी मारली की ढोलकीसारखं बोलतं. त्याच्या सगळ्या कपड्यांना हाच वास यायचा. आज घरी येऊन कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं.

९ फेब्रुवारी

राहवेना. तुकडा पिशवीत घालून कल्लप्पाकडे नेला. अत्ती आज घरी होत्या. म्हटलं, कल्लप्पाअण्णा, हे बघा, तार नव्हती, तुमची चूक नव्हती.

त्यानं तुकड्याकडे पाहिलंच नाही. "मला ठावं हाय, वैनी."

मग हळूहळू बोलला. कापड चढवल्यावर पहिल्याच तपासणीत त्याला मोकळा टाका दिसला होता. गाठ मारायला दाभण घेतलं, तर विरुपाक्षनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. आईची जागा हाय ती." दर उड्डाणाआधी तिथे बोट टेकवायचा म्हणे, देवळाच्या उंबऱ्याला टेकवावं तसं. एका टाक्यानं काय हुतंय, असं कल्लप्पालाही वाटलं होतं.

मी संतापले. पाच वर्षं तोंड शिवून बसलात? मुलंबाळं उपाशी ठेवलीत? तर म्हणाला, आईला काय सांगू, तुजा टाका म्हणून? मग परत रंधा मारायला लागला. "तुमीबी सांगू नका."

मी रडले. विरुपाक्षचा राग आला, मनापासून. आईची जागा! आणि माझी?

१६ फेब्रुवारी

उद्या डाव्या पंखाची शेवटची फासळी. अत्ती काय करणार ठाऊक आहे. हातांची सवय ती. त्या घरी गेल्या की कल्लप्पा मागाहून गाठ मारणार, असं आम्ही दोघांनी चोरासारखं ठरवलंय. विमान उडणारच आहे. आत कुणाचातरी मुलगा असणार.

१७ फेब्रुवारी

पंख पुरा झाला. अत्ती हात पुसत होत्या. कापड ताणलंय का बघते म्हणून मी त्यांच्या बाजूला गेले आणि पुढच्या कडेवरून बोटं फिरवली.

"शोधू नकोस," अत्ती म्हणाल्या. "ह्या खेपंला न्हाय ठेवला."

मग चपला चाचपत म्हणाल्या, "चल. कल्लप्पाच्या घरला ने मला."