वरचं फाटक

शुक्रवार, ९ जानेवारी. ऑल्डरसनबाईंचं शेत.

पोचले बाई एकदाची! ही वही माझ्या नातीनं, जोसीनं दिली; आजीला ती नॅन म्हणते. म्हणाली, नॅन, रोज लिही, चुका कोण तपासतंय? चौदाव्या वर्षी शाळा सोडून सूतगिरणीत लागले, तेव्हापासून मी लिहिलं ते फक्त वाणसामान. पण आज लिहायचंच. चाळीस वर्षं गिरणीच्या खिडकीतून हे डोंगर पाहिले, बर्फ पडलं की साखर पेरल्यासारखे दिसायचे, आणि वर जायला सत्तरी उजाडावी लागली. बूट जोसीनंच घेतले. चार वर्षांची होती, तिची आई गेली तेव्हा. मीच वाढवली. आता नर्स आहे, तेवीसची. तिच्याशिवाय मला दुसरं कोण आहे?

उद्या पाठपिशव्या लावून चढायचं, माळावरच्या शिकाऱ्यांच्या खोपीत दोन रात्री काढायच्या, सोमवारी पलीकडे उतरून बस. ऑल्डरसनबाईंनी मटण-बटाट्याचा रस्सा वाढला, सोबत लाल कोबीचं लोणचं. माझ्या लोणच्याइतकं आंबट नाही, पण मी बोलले नाही. माझ्या गुडघ्यांकडे बघून त्या जोसीला म्हणाल्या, "तू हिची नात की वैरीण?" किती हसलो!

शनिवार, १० जानेवारी. खोपीत, चार वाजता.

आले! माझ्या पायांनी आले! निघताना ऑल्डरसनबाई अंगणातून ओरडल्या, फाटकं जशी दिसतील तशीच ठेवा हो. मी म्हटलं, मला काय शिकवता, माझा बाप शेतगडी होता. एकदा मी फाटक उघडं टाकलं तर त्यानं पट्ट्यानं सोललं होतं मला. मेंढ्या गेल्या म्हणजे मालक गेला, मालक गेला म्हणजे भाकर गेली. तेव्हापासून उघडं फाटक दिसलं की माझे हात शिवशिवतात.

माळाच्या तोंडाशी शेवटचा गडगा आहे, नुसत्या दगडांवर दगड रचलेला, छातीइतका उंच. त्यातलं फाटक सताड उघडं, मिटू नये म्हणून दगड टेकवलेला! कुणीतरी आळशी शहरी माणूस, दुसरं कोण. जोसी म्हणाली, नॅन, जसं आहे तसं राहू दे. मी म्हटलं, चल गं. दगड ढकलला, फाटक ओढलं, कडी घातली. किती बरं वाटलं.

माळ पांढराशुभ्र. मी पुढे, दोन्ही हात खिशात, जोसी मागे. मध्येच ती म्हणाली, नॅन, हात इतका घट्ट नको धरूस, दुखतोय. मी वळून पाहिलं तर ती दहा पावलं लांब. थट्टेखोर आहे पोरगी.

आत्ता चहा केला तिनं. पेले तीन मांडले. तिसरा कुणाचा, विचारलं तर हसली आणि स्वतःच गोंधळली.

रविवार, ११ जानेवारी. सकाळ.

जोसीच्या मनगटावर वळ. चार बोटांचे आणि अंगठ्याचा. मोठ्या माणसाचा हात.

थ्वेट नावाचा म्हातारा मेंढपाळ हरवलेल्या मेंढ्या शोधत डोंगराच्या पलीकडून आला. कुत्रं जोसीजवळ जाईना, पोट जमिनीला लावून कण्हत राहिलं. थ्वेटनं मला विचारलं, "आजी, वरचं फाटक उघडं होतं ना?"

मी म्हटलं, "होतं की. मीच लावलं, नीट कडी घालून."

त्यानं जोसीच्या मनगटाकडे बघितलं. म्हणाला, "अहो, काय केलंत हे!"

मग सांगितलं. त्याच्या पणज्याच्या काळी एक मेंढपाळ छोट्या मुलीला घेऊन माळावर गेला, हिमवादळ आलं. बायकोला वाटलं दोघं घरात आलेत. सवयीनं जाऊन तिनं फाटक लावलं. तो फाटकाला धरून गोठलेला सापडला. मुलगी सापडलीच नाही. म्हणून पहिल्या बर्फापासून कोकरं होईपर्यंत ते उघडं ठेवतात. अजूनही बर्फात तो एकटाच खाली येतो, घराच्या जागेवर जातो, कुणाला त्रास नाही. पण फाटक बंद दिसलं तर त्याला वाटतं, मुलीला आणल्याशिवाय घरात घेणार नाहीत. मग जी सापडेल ती.

थ्वेट म्हणाला, मी जाऊन उघडतो, तुम्ही पोरीचा हात सोडू नका. कुत्र्याला घेऊन पळाला.

मी जोसीचा हात धरून बसले आहे. डाव्या हातानं लिहितेय. तिचा दुसरा हातही कुणीतरी—

दुपारी.

थ्वेट आला नाही. जोसी दाराकडे बघते. मी तिला लहानपणच्या गोष्टी सांगतेय, आपलं घर, खिडकी, तिची मांजर. ती मान हलवते. मांजरीचं नाव विचारलं. आठवेना.

सोमवार, १२ जानेवारी. उजाडताना.

डोळा लागला माझा. कसा लागला, देवा. हात रिकामा.

बर्फात पावलं. एकच जोड, तिच्या बुटांची. पण पावलं एका अंगाला कललेली, कुणाचा तरी हात धरून चालावं तशी.

फाटकाशी. किती वाजले माहीत नाही.

थ्वेट इथेच आहे. बसलेला. हात कडीवर. गोठलाय. कुत्रंही.

जोसी उभी आहे फाटकासमोर. कोट नाही. ओठ निळे. मी हाक मारते, ती बघत नाही.

कडीवर बर्फ. थ्वेटची बोटं सुटत नाहीत— फुंकर घालतेय— माझी कातडी चिकटून निघाली—

उघडलं.

उघडलं मी! म्हटलं जा बाबा, जा घरी, माझी पोर ठेव. वाट मोकळी आहे. जा.

तो गेला. तीही गेली. बर्फ त्याच्या पायाखाली करकरलं, मी ऐकलं.

पाय उचलत नाहीत माझे. गडग्याला टेकून लिहितेय. खाली जिथे काही नव्हतं तिथे एक घर दिसतंय. धूर. दारात बाई.

जोसी! जोसी गं!

वळली. माझ्याकडे बघितलं. हसली, वाटेतल्या परक्या माणसाला हसतात तशी. मग वर बघून त्याला म्हणाली, बाबा, ती म्हातारी कोण? गारठलीय बिचारी. तिलाही नेऊ या—

तो थांबला. परत वळ