डोलकाठीखालचं लाकूड

नागभीड,
१० नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानी,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे धान कापणीवर आलंय, सकाळी धुकं असतं. अक्षर पोचूच्या रीनाचं आहे. माझा चष्मा फुटलाय.

आपल्या शिडाच्या नावेचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात मी डोळे दाखवायला नागपूरला गेलो, तेव्हा पोचूने तिला तळ्यात बुडवून ठेवलं. धिवरांचे मासेमारीचे लाकडी डोंगे उन्हाळ्यात असेच पाण्याखाली ठेवतात ना, लाकूड तडकू नये म्हणून. "सर, मले वाटलं, माह्या डोंग्यावानी हेई तडकन." रागवणार तरी कसं? मायेनेच बुडवली बिचाऱ्याने.

पण आपली नाव फायबरची. डेकला वर-खाली पातळ फायबर, मधे हलकं लाकूड. डोलकाठीच्या स्क्रूंमधून पाणी आत गेलं. वरून चकचकीत, पण काठीपाशी पाय दिला की दबायचं. नाण्याने ठोकलं तर सगळीकडे टणटण, तिथे भद्द. पोचूने वरचा पापुद्रा कापला, तर आतून भिजल्या पोह्यांसारखा लगदा निघाला. खड्डा उन्हात चांगला वाळू दिला. आता तिथे आलापल्लीच्या सागाचा तुकडा रेझिनमध्ये बसवलाय. सगळं पोचूने केलं. मी खुर्चीवर बसून कविता म्हटल्या.

"तुमी काऊन हात नाई लावला, थे सांगा ना," रीना म्हणते. "अन् चष्मा तं नाकावरच हाय तुमच्या. आता खोटं नाई लिवत मी."

पोरगी हट्टी आहे. बरं, लिही.

डोळ्यांना काही झालं नव्हतं, बेटा. अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला. फोनवर आवाज बरा होता, म्हणून निभावलं. तू धावत येशील आणि मला पुण्याला नेशील, एवढीच भीती. तिथून तळं दिसत नाही.

तुला आठवतं? मी पाचवीच्या पुस्तकातली कविता म्हणायचो, तू दोरी धरायचीस, आणि कडवं संपलं की नाव वळवायचीस. परवा ओसरीवर म्हणून पाहिली. कडवं संपलं. नुसताच बसून राहिलो.

डोलकाठी अजून आडवीच आहे. पोचू उभी करतो म्हणत होता, मी नको म्हटलं. थकलोय गं. तू ये. काठी उभी करू, एक फेरी मारू. मग न्यायचंच असेल तर ने. वाद घालणार नाही.

खालचा शब्द डाव्या हाताने लिहितोय. वाकडा आला तरी माझा आहे.

बाबा