गजरा टॉकीजमध्ये सगळे का रडले

...आणि तो व्हिडिओ अर्धाच आहे, मामा. ज्याने काढला त्याला पुढचं काढता आलं नाही, कारण त्याचेही डोळे गेले (तात्पुरते. आता बरा आहे). तुला एवढंच दिसलं की गजरा टॉकीजच्या दारातून अर्धं नंदुरबार तोंडाला पदर-रुमाल लावून रडत बाहेर पडतंय, आणि सगळ्यात शेवटी मी. तू फोन करून ‘कोन मरनं वं?’ असं विचारलंस, मी म्हटलं कोणी नाही मामा, शो होता. तू फोन ठेवलास तो ठेवलासच. मेसेजवर निळ्या खुणा होतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र. सुरतच्या बसमधून पापडाच्या डब्यात घालून पाठवतेय. डबा मामी उघडणार, म्हणजे पत्र वाचलं जाईल याची मला खात्री आहे.

तर तीर्थरूप मामांना रंजिताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं, एवढं मला माहीत आहे. कुठली आठ ते आमच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकवलं नाही. तुला जी योग्य वाटतील ती धर.) आई म्हणते मोठ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं असतं. दोन ओळी लिहून पाहिलं, तर मी पोलीस पाटलाला अर्ज करतेय असं वाटायला लागलं, म्हणून ‘तू’च. मामीचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर? डॉक्टरांनी बंद केलेली घारी तू डॉक्टरांच्याच घरी जाऊन खातोस हे खरं आहे का? इकडे आपल्या खापर गावात सगळं ठीक. बाबा मजेत, म्हैस त्यांच्यापेक्षा मजेत. आई ‘बरी शे’ असं स्वतःच सांगते, त्यावर मी पुढे येते.

आधी तो शो. टॉकीज भूपेशशेठला विकायची हे तू होळीला ठरवलंस. इतकी वर्षं तो तिथं मिरचीची पोती ठेवतोच आहे, आता पाडून दुकानं काढणार. ठीक आहे. मी तुला विचारलं, पाडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, लोकांना बोलावून एक पिक्चर दाखवू का? तू म्हणालास, ‘कर काय करशील ते, पोती मात्र तू हलव.’ ही परवानगी होती असं माझं मत आहे. रागात दिलेली परवानगी पण परवानगीच असते.

मला ही हौस कुठून आली ते तुला कळणार नाही, कारण तू मालकाचा मुलगा. तुझ्यासाठी ती टॉकीज म्हणजे पत्रे गळतात, पंप जळतो, आणि पुढच्या रांगेत कोणीतरी ओकलंय. माझ्यासाठी ती आखाजी होती, अक्षय्य तृतीयेचं माहेरपण. आई खापरहून माहेरी यायची, मला घेऊन, आणि आजोबांनी, सुकलाल नानांनी, गजरानानीच्या नावाने बांधलेल्या त्या टॉकीजमध्ये आखाजीच्या दुपारी बायकांचा शो असायचा. पुरुष एकही नाही. सुरतेत लागलेला पिक्चर आमच्याकडे येईपर्यंत त्यातल्या बाळाचं लग्न झालेलं असायचं, पण कोणाला काय त्याचं. गावोगावच्या माहेरवाशिणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून यायच्या. दोन खुर्च्यांना साडी बांधून झोळी केली की तान्ही बाळं आत. गाणं लागलं की आम्ही पोरं पडद्यासमोर जाऊन लोळायचो. खाली उंदीर फिरायचे म्हणून सगळ्या बायका पाय वर घेऊन बसायच्या, त्यामुळे बाजूने पाहिलं तर सगळं थिएटर पंगतीला बसल्यासारखं दिसायचं. वास मुताचा, खोबरेल तेलाचा आणि सांजोऱ्यांचा. (एकत्र. वाईट नव्हता. तू हसू नको.)

आणि बायका रडायच्या. हे तुला माहीतच नाही, कारण तुला नानांनी दरवर्षी बाहेर गेटवर उभं केलेलं असायचं, आणि आतून तुला बॅटरीवाली रमिलाबाई येऊ द्यायची नाही. पिक्चर रडका असो नाहीतर हसायचा, बायका मनसोक्त रडायच्या. हिरो केळीच्या सालीवरून घसरतोय आणि माझ्या शेजारची बाई हुंदके देतेय. मला वाटायचं विनोदी पिक्चर असाच बघतात. रमिलाबाईचा नियम होता, रडणाऱ्या बाईवर बॅटरी मारायची नाही. आणि इंटरव्हलला आधी घंटा वाजायची, दिवे नंतर लागायचे. मधल्या अंधारात सगळ्या पदराने तोंडं पुसून घ्यायच्या. दिवे लागले की सगळ्या हसऱ्या, आणि लगेच एकमेकींच्या सासूची चौकशी.

तर पोती हलवली. झाडलं. खुर्च्या मंगल कार्यालयातून आणल्या, मशीन कॉलेजमधून, आणि पिक्चर मुद्दाम विनोदी ठेवला, म्हणजे तुझा खरेदीदार खूश राहील. भूपेशशेठ स्वतः पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. आता बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकताच शिंक आली असती. पण नंदुरबारचं नाक तुला माहीत आहे. सीझनभर रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरचीची पथारी, हवेत मिरची, चहात मिरची. आपल्याला मिरचीचा वास येतच नाही, मिरची नसली की चुकल्यासारखं होतं. म्हणून एकाही शहाण्याला सुचलं नाही की भिंतीवरच्या नानांच्या जुन्या पंख्यांच्या पात्यांवर इतक्या वर्षांची बुकणी बसली असेल. लोक घामाघूम झाले तेव्हा मला एकदा शंका आली होती, शपथ. मी शेठला विचारलं, मिरची उडेल का? शेठ म्हणाला, ‘मिरची? आते कोठे शे मिरची? पंखा लाव, पोर!’ जन्मभर मिरचीचा व्यापार केलेला माणूस. मी बटण दाबलं.

मामा, पडद्यावर लाल ढग आला. खरंच दिसला, प्रकाशाच्या झोतात, सुंदर दिसला. मला वाटलं जुना इफेक्ट आहे. मग पहिली शिंक, मग सगळ्या रांगा. पडद्यावर लोक पोट धरून हसतायत आणि समोर लोक नाक धरून रडतायत. ज्यांनी स्वतःच्या बापाच्या दहाव्याला डोळ्यातून पाणी काढलं नाही अशी माणसं हमसून हमसून रडली. शेठ सगळ्यात जास्त. तुझ्या व्हिडिओत शेठला दोघं धरून नेताना दिसतात ना, ते तसं.

बाहेर टँकर मागवला, सगळ्यांनी डोळे धुतले, आणि गंमत म्हणजे कोणी भांडलं नाही. सगळे लाल तोंडांनी एकमेकांकडे बघून हसायला लागले. रमिलाबाई (आता पाठीत वाकलीय, पण आवाज तोच) म्हणाली की इतलं रडनं त्या टॉकीजनी आखाजीलेबी पाहिलं नव्हतं.

आई मात्र थांबली नाही. डोळे धुतले, चहा झाला, आम्ही जीपमध्ये बसलो, तरी आपली पदर लावून. मी विचारलं तर ‘मिरची शे वं, दुसरं काय.’ तळोदा गेलं, अक्कलकुवा गेलं. मामा, मी सायन्सची आहे, मिरची खापरपर्यंत टिकत नाही. घरी आल्यावर तिने कुकर लावला आणि कुकरला पाठ करून म्हणाली, नवनीतने (म्हणजे तू) घर विकलं तेव्हा तो सुरतेला चालला होता, त्याचं बरोबर होतं. हक्कसोडपत्रावर सही मी हसत केली. आता टॉकीज गेली की मी नंदुरबारला उतरायचं कुठं? बस स्टँडवर? एवढंच. मग भात जास्त शिजला म्हणून मला ओरडली. हे तुला सांगू नको असं तिने सांगितलंय, म्हणून मी सांगत नाहीये, लिहितेय.

मामीला नमस्कार, गुडघ्याला जपून. लहानांना एकेक चापट.

तुझी भाची,
रंजिता

ता.क. तुझ्यावर रागावून हे पत्र लिहिलेलं नाही. सौदा मोड असंही मी म्हणत नाही. फक्त आखाजीपर्यंत थांबव. भूपेशशेठ तयार आहे. तो म्हणतो, कितीतरी वर्षांनी इतका रडलो, छाती हलकी झाली. फक्त नवनीतभाईचा फोन येऊ दे म्हणाला. शेठचा नंबर तुझ्याकडे आहे, आणि तो तुझ्यासारखा नाही, फोन उचलतो.

ता.क. २. आखाजीच्या दुपारी बायकांचा शो ठेवलाय. पंखे धुवायला टाकलेत. (काही बायकांनी धुऊ नका असा निरोप पाठवलाय. विचार चालू आहे.) ट्रॉल्या ठरल्या. आईला कळवलंय की माहेरचं बोलावणं आहे, भाऊ स्वतः येतोय. म्हणजे तू येतोयस. हे तुला आत्ताच कळतंय याची मला कल्पना आहे.

ता.क. ३. मी रमिलाबाईला विचारलं, या वेळी मामाला गेटवर उभं न करता आत आईच्या शेजारी बसू द्यायचं का. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, ‘येऊ दे. पन रडना नहीं ते बाहेर काढसू.’ मला वाटतं तुला रडायला जमेल. तुझं काय मत?